नदी नेमकी कुठल्या विषयात येते?

प्रश्न बराच लांब होता, थोडक्यात सांगतो. कळंब तालुक्यातल्या एका गावची पाच जणांची टीम आहे: एक सिव्हिलवाला, एक जिऑलॉजीत एमएस्सी, एक कॉलेजात झूलॉजी शिकवणाऱ्या मॅडम, एक जीआयएसचं म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं काम करणारा, आणि विचारणारा स्वतः पर्यावरणशास्त्राचा. गावची नदी पुढं मांजरेला मिळते. पूर्वी होळीपर्यंत थोडंतरी वाहायची, आता संक्रांतीलाच खडखडाट. तीन वर्षांपूर्वी खोलीकरण झालं, पहिल्या वर्षी तुडुंब पाणी दिसलं, आता परत तेच. तर "प्रत्येकानं आपापल्या विषयाचा अभ्यास करून शेवटी एकत्र रिपोर्ट करायचं ठरतंय, सुरुवात कुठल्या विषयापासून करू आणि सगळं एकत्र कसं आणू?"

आधी ते 'शेवटी एकत्र' काढून टाका. शेवटी काही एकत्र येत नसतं, शेवटी फक्त बाइंडिंग होतं. तीस वर्षं भूजल आणि नद्यांच्याच कामात गेली माझी, त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी असलेच रिपोर्ट केले. एक चॅप्टर पावसाचा, एक खडकाचा, एक मातीचा, एक पाण्याच्या टेस्टिंगचा, शेवटी सामाजिक म्हणून चार पानं जी कुणीच वाचत नाही. सिंदफणेच्या एका उपनदीचा असा रिपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे. पावसाचे आकडे अख्ख्या तालुक्याची सरासरी, खडकाचा नकाशा जिल्ह्याचा, पाण्याचे नमुने फेब्रुवारीतले, आणि नदीचा प्रवाह मोजलेला सप्टेंबरात. सगळं बरोबर होतं हो, एक आकडा चुकीचा नव्हता. पण सप्टेंबरातलं पाणी वेगळं आणि फेब्रुवारीतलं वेगळं, ते एकमेकांशी बोलणार कसं? सरपंचांनी एकच विचारलं, "मग बंधारा कुठं घालायचा?" आणि आम्ही पाच जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

कुठल्या विषयापासून सुरुवात करायची हे विचारू नका. कुठल्या जागेपासून, हे विचारा. एक डोह नाहीतर एक बंधारा धरा, एक किलोमीटरचा नदीचा तुकडा, आणि पाचही जण त्याच जागेवर, त्याच दिवशी उभे राहा. मग पाण्याचा हिशेब मांडा, दुकानदार मांडतो तसा, आलं किती, गेलं किती, उरलं किती. हिशेब पहिल्या झटक्यात कधीच जुळत नाही. तो जिथं जुळत नाही तिथं पाचही जणांना एकमेकांची गरज पडते, नाहीतर कुणी कुणाचं ऐकत नाही, मी पण ऐकत नव्हतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण माझं डोकं त्यानंच ठिकाणावर आलं. गावाचं नाव राहू द्या. एक केटी म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता, त्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला फळ्या टाकतात, त्यांना बर्गे म्हणतात. ऑक्टोबरात बर्गे टाकले की दिवाळीत तुडुंब, आणि डिसेंबर संपता संपता तळ दिसायचा. आमचा इंजिनिअर म्हणाला बर्ग्यांतून गळतंय, रबराच्या पट्ट्या गेल्यात. मी म्हणालो खाली मांजऱ्या म्हणजे बारीक छिद्रांचा खडक आहे, पाणी मुरतंय, आणि मुरतंय तर वाईट काय त्यात. कृषी सहायक म्हणाला, तुम्ही दोघं पण शहाणेच आहात, मोटारी ओढतात सगळं. पण आम्ही दिवसा तीन वेळा गेलो, एक मोटर चालू दिसली नाही. झालं, दोन महिने ह्या वादात गेले, पत्रांवर पत्रं.

मग कंटाळून शाळेतली एक फुटाची स्टीलची पट्टी बंधाऱ्याच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर पक्की बसवली आणि गावातल्या एका पोराला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता आकडा लिहायला बसवलं. बाजूला लोखंडी ड्रम अर्धा कापून जमिनीत पुरला, त्यात पाणी भरून ठेवलं, उन्हानं किती उडतं ते बघायला. धुणं धुणाऱ्या एका आजीनं विचारलं, "काय करूलालाव रं तिथं पट्टीला डोळा लावून?" म्हणलं आजी, पाणी कुठं जातंय ते बघतोय. त्या म्हणाल्या, "रातच्याला बघा." आम्ही हसलो.

चार दिवसांनी वही उघडली तर पाणी दिवसाला जवळपास दोन सेंटिमीटर उतरत होतं, आणि त्यातला मोठा उतार रात्रीचा! ऊन दिवसा असतं, गळती दिवसरात्र सारखीच, मुरणं पण सारखंच, मग रात्रीच एवढं पाणी कोण पितंय? तर त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रातपाळीची होती. आम्ही ऑफिसच्या वेळात नदी बघत होतो आणि नदी लाइटच्या वेळापत्रकावर चालत होती. आजीला हे कधीचंच माहीत होतं.

पुढं नशीब बघा, त्याच भागातली डीपी, म्हणजे लाइटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आपल्याकडं डीपी जळाली की बदलून यायला किती वेळ लागतो ते सांगायला नको, सहा दिवस मोटारी बंद. शेतकरी शिव्या घालत होते आणि आम्ही मनातून खूष, कारण असला प्रयोग तुम्ही पैसे देऊन करू शकत नाही. उतार निम्म्यावर आला. मग गणित सोपं झालं: ड्रममधलं पाणी दिवसाला पाचेक मिलिमीटर उडत होतं. बंधाऱ्याच्या खाली बर्ग्यांतून येणारी धार एका ठिकाणी वळवून बादलीत धरली, पंधरा लिटरची बादली बारा-तेरा सेकंदात भरत होती, ती धार अख्ख्या फुगवट्यावर, म्हणजे बंधाऱ्यामागं साठलेल्या पाण्यावर, पसरली तर दिवसाला दोन मिलिमीटर. उरलेले दोन-अडीच खडकात. आणि मोटारी चालू असताना वरचा एक सेंटिमीटर मोटारींचा.

एक सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. फुगवटा एक किलोमीटर लांब आणि सरासरी पन्नास मीटर रुंद धरा, एक सेंटिमीटर म्हणजे ५०० घनमीटर, ५ लाख लिटर. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टँकरची, तिनं साधारण एवढंच पाणी आणलं होतं आणि देशभरातले कॅमेरे स्टेशनवर होते. इथं तेवढं एका रात्रीत जात होतं, आणि तेसुद्धा चार-पाच मोटारींवर, कारण लांब पाइपलाइनवरची पाच एचपीची मोटर सेकंदाला चार लिटर जरी देत असली तरी आठ तासांत लाखाच्या वर जाते. (शेतकऱ्याला चोर ठरवायला हे सांगत नाही, त्याचा हरभरा उभा होता आणि पाणी त्याच्यासाठीच अडवलेलं होतं. पण मग गळती-गळती म्हणून दुरुस्तीचं एस्टिमेट करण्यात अर्थ काय?)

म्हणजे तिघांचंही बरोबर होतं. इंजिनिअरचे दोन मिलिमीटर, माझे दोन, कृषी सहायकाचे दहा. प्रत्येकाला वाटत होतं सगळं आपल्याच खात्यात जातंय, तेवढंच चुकलं होतं.

गोष्ट इथं संपत नाही, खरी मजा त्या दोन मिलिमीटरात. खडकात गेलेलं पाणी निघतं कुठं? बंधाऱ्याच्या खालच्या नऊ विहिरींत ईसी मीटर बुडवला. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते, क्षार जास्त तर आकडा जास्त. नदीचं पावसाळी पाणी कमी क्षाराचं, विहिरीचं जुनं पाणी जास्त क्षाराचं. सात विहिरींचा आकडा बंधाऱ्याच्या पाण्याच्या दुप्पट आणि दोनच विहिरी अशा की आकडा जवळपास नदीसारखा. त्या दोन नदीच्या सगळ्यात जवळच्या पण नव्हत्या. मग आमच्या नकाशेवाल्यानं सांगितलं की उपग्रहाच्या चित्रात उन्हाळ्यात एक सरळ हिरवी रेघ दिसते, त्याला वाटलं होतं जुना बांध असेल म्हणून त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. दोन्ही विहिरी त्या रेघेवर. खडकातली भेग होती ती. चित्र त्याच्याकडं आठ महिने पडून, ईसी मीटर माझ्या बॅगेत दहा वर्षं, आणि दोघं एकाच जीपमधून जात होतो!

एकत्र करणं मी ह्याला म्हणतो. एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न झालं पाहिजे.

आता तुमच्या नदीकडं येऊ. तुम्ही लिहिलंय 'नदी आटते', मी म्हणतो आधी विहिरी बघा. जून-जुलैत नदी विहिरींना देते, आणि ऑक्टोबरनंतर उलटं होतं, दोन्ही काठांच्या जमिनीत मुरलेलं पाणी हळूहळू नदीत झिरपतं. तुमची होळीपर्यंतची नदी म्हणजे पाऊस नव्हताच, ते विहिरींचंच पाणी होतं. काठावर ऊस वाढला, बोअर वाढले, विहिरींची पातळी नदीच्या तळाच्या खाली गेली की नदीला मिळायचं बंद, वर नदीचंच पाणी उलटं विहिरीकडं जायला लागतं. हे तपासायला काही महागडं लागत नाही. काठापासून वर जाणाऱ्या एका रेषेत पाच-सहा विहिरी घ्या, दोरीनं पाणीपातळी मोजा, पण ती विहिरीच्या काठापासून किती फूट असं लिहून ठेवू नका, सिव्हिलवाल्याला लेव्हल लावायला सांगा आणि नदीच्या तळाशी जोडा. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं विहिरी मोजल्या, इंजिनिअरनी वर्षानुवर्षं नदीचे छेद काढले, आणि दोन्हींचं शून्य वेगळं असल्यामुळं कुणाला कळलं नाही की पाणी कुणाकडून कुणाकडं चाललंय. किती साधी गोष्ट, आणि किती वर्षं गेली.

खोलीकरणाबद्दल बोलतो, हा विषय नाजूक आहे पण तुम्ही विचारलंय. आपला खडक म्हणजे लाव्हाचे थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक भाकरी ठेवल्यासारखे. वर काळी माती, मग मुरूम, मग कुठं मांजऱ्या, कुठं काळा पाषाण ज्यात भेगा नसतील तर पाण्याचा थेंब राहत नाही, आणि दोन थरांच्या मधे कुठं कुठं गेरूसारखा लाल मातीचा पट्टा, तो पाणी खाली जाऊच देत नाही. पाणी धरतो तो मुरूम आणि मांजऱ्या, आणि तेही किती, तर भूजलाच्या हिशेबात बेसाल्टला साधारण दोनच टक्के धरतात. म्हणजे शंभर घनमीटर खडकातून दोन घनमीटर पाणी.

आता नदीत नुसता साचलेला चिकण गाळ काढला आणि खाली मांजऱ्या उघडा पडला तर फायदाच आहे, मुरण वाढते, निदान परत गाळ बसेपर्यंत. पण तेच जेसीबी मुरूम फोडून पार खालच्या पाषाणापर्यंत गेला तर दोन्ही काठांच्या मुरुमातलं पाणी त्या खड्ड्यात उतरायला लागतं. नदी मग चर होते, शेतातलं पाणी काढायला आपण चर खणतो ना, तशी. पहिल्या वर्षी खड्डा भरलेला दिसतो, फोटो छान येतात, सगळे खूष, ते पाणी काठाच्या विहिरींचंच असतं. तुमच्याकडं कुठला प्रकार झाला ते मी इथं बसून सांगू शकत नाही, पण तुमचा जिऑलॉजीवाला अर्ध्या दिवसात सांगेल. काठ जिथं उभा कापलाय तिथं जाऊन थर बघायचे आणि ओल कुठल्या थरातून सुटते ते बघायचं. ऑक्टोबरात जा, जानेवारीत सगळंच कोरडं दिसतं.

शिरपूर पॅटर्नचं नाव सगळे घेतात, म्हणजे धुळे जिल्ह्यात शिरपूरला नाले खोल-रुंद करून पाणी मुरवलं ते. सुरेश खानापूरकरांनी ते काम केलं, ते स्वतः भूवैज्ञानिक, खडक बघून खोदणारा माणूस. शिरपूरच्या मोठ्या भागात तापीचा जाड गाळ आहे, वर चिकण माती, खाली वाळू, तिथं वरची माती फोडली की पाणी वाळूत जातं. आपल्याकडं लोकांनी त्यातला फक्त जेसीबी उचलला, भूवैज्ञानिक तिथंच ठेवला.

वाळूचं पण बघा. तुमच्या नदीत पूर्वी झिरे खोदायचे का विचारा. वाळूत हातभर खड्डा केला की पाच मिनिटांत निवळशंख पाणी, बायका वाटीनं घागर भरायच्या. तो झिरा म्हणजे नदीची टाकी होती. एक किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद, दोन मीटर जाड वाळू म्हणजे एक लाख घनमीटर, त्यातून वीस टक्के पाणी मिळतं म्हणलं तरी दोन कोटी लिटर, दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. वर हे पाणी उन्हापासून झाकलेलं, दोन-अडीच फुटांच्या खाली गेलं की उडणं जवळपास थांबतं. खडकाचे दोन टक्के आणि वाळूचे वीस, हा फरक डोक्यात ठेवला की वाळू ट्रॉलीत भरून जाताना नुसती वाळू जात नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

लेन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९५५ मध्ये नदीचा तराजू मांडला होता. एका पारड्यात वाळू-गोटे, किती आणि केवढे, दुसऱ्यात पाणी आणि उतार. एका बाजूचं काढलं की नदी स्वतः दुसरीकडं बदल करून घेते, वाळू नेली तर तळ खरवडते. मी बंधारे बघितलेत ज्यांचा पाया आता हवेत लटकतोय, बांधताना तो तळाखाली होता. तळ खाली गेला की काठाच्या विहिरींचं पाणीही त्याच्यामागं खाली जातं. बघा, उपसा महसूलचा विषय, पाया स्थापत्याचा, विहीर भूजलाची, आणि तीन ऑफिसांत तीन फायली.

झूलॉजीच्या मॅडमना बहुतेक टीमा शेवटी बोलावतात, मासे मोजायला. तुम्ही पहिल्या दिवशी न्या. पट्टी दोन महिन्यांचं सांगते, शिंपला वर्षांचं सांगतो. गोड्या पाण्यातला मोठा शिंपला कित्येक वर्षं जगतो, त्याच्या पाठीवर वाढीच्या रेषा असतात, आणि डोह वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आटत असेल तर तो टिकत नाही. दुसरं म्हणजे त्याची पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून फिरतात, म्हणजे शिंपला असेल तर मासा होता, आणि मासा वर-खाली जाऊ शकत होता. एका कोरड्या डोहात आम्हाला काठाच्या मातीत हाताएवढ्या शिंपल्यांचा थर मिळाला, सगळे मेलेले, दोन्ही झडपा अजून जोडलेल्या, म्हणजे पुरानं वाहून आणून टाकलेले नव्हेत, तिथंच जगून तिथंच मेलेले. कागदावर तो डोह कुठंच 'बारमाही' नव्हता. मॅडमनी तो शिंपला माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, हा घ्या तुमचा रेकॉर्ड.

आणि तळाच्या चिखलात लाल अळ्या फार आणि चतुराच्या अळ्या नाहीतच, असं असेल तर गावाचं सांडपाणी मुरतंय, ते ईसी मीटरवर पण दिसेल. इथं गडबड अशी की ईसी जास्त दिसला म्हणून मी त्याला जुनं भूजल म्हणून मोकळा झालो असतो, अळ्यांनी सांगितलं की साहेब गटार आहे. काठावरची झाडं पण बघा. उंबर, करंज, जांभूळ म्हणजे मुळाला पाणी मिळत होतं. वेडी बाभूळ आणि बेशरम एवढंच उरलं असेल तर ती पण एक नोंदच.

म्हाताऱ्या माणसांना विचारायचं काम कुणाकडं द्यायचं ते ठरवा, आणि ते चॅप्टर पाच नको, आठवडा एक. भोई समाजाची माणसं असतील तर आधी त्यांच्याकडं, डोहांची नावं आणि खोल्या त्यांनाच पाठ असतात. वर्ष विचारू नका, कुणाला आठवत नाही, आठवलं तरी चुकीचं आठवतं. "बहात्तरच्या दुष्काळात ह्या डोहात पाणी होतं का?" "भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारा, आपल्या भागात ३० सप्टेंबर १९९३ कुणी विसरत नाही. "रेल्वेनं पाणी आलं त्या साली?" अशा खुंट्यांवर आठवणी टांगल्या की तारखा आपोआप येतात. मग त्या तारखा नकाशेवाल्याला द्या. लँडसॅट ह्या अमेरिकन उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, जुनी भरड आहेत, छोटी नदी नीट दिसणार नाही पण काठाचं हिरवं कधी वाढलं ते दिसतं. २०१५ नंतर सेंटिनल ह्या युरोपियन उपग्रहांची दहा मीटरची आहेत, त्यात तुमचे डोह कुठल्या महिन्यात आटतात ते वर्षावर्षाला काढता येईल, फुकट. म्हातारा आणि उपग्रह दोघंही एकच गोष्ट बोलले तर चांगलंच, वेगळं बोलले तर जास्त चांगलं, जाऊन बघा का ते.

एका गोष्टीवर टीम फुटते ती आधीच सांगून ठेवतो, वेळ. जिऑलॉजीवाल्याचा 'आत्ता' हजारो वर्षांचा, सिव्हिलवाल्याचा पन्नास वर्षांत एकदा येणारा पूर, माशाचा एक हंगाम, शेतकऱ्याचं एक पीक. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, सगळीकडं काय झालं ते तुम्ही बघितलंय, जमिनी खरवडून खाली मुरूम उघडा पडला. इंजिनिअर म्हणाला असा पूर डिझाइनमध्ये बसत नाही. पण नदीचा जुना काठ कापलेला बघा, त्यात पुरांच्या गाळाचे थर एकावर एक असतात, त्यातला एखादा जाड थर सांगतो की असा पूर आधी येऊन गेलाय. पुणे विद्यापीठातल्या विश्वास काळेंनी नर्मदा-तापीच्या अशा गाळावरून जुने पूर वाचलेत. आणि त्याच्याही आधी डेक्कन कॉलेजात राजगुरूंसारखे भूवैज्ञानिक पुरातत्त्ववाल्यांच्या खांद्याला खांदा लावून प्रवरा-गोदावरीच्या काठाचे थर बघत होते, एकजण भांड्याचा तुकडा बघतो, दुसरा त्याच्या खालची वाळू. मांजरेच्या जुन्या गाळात तर हत्ती आणि पाणघोड्याचे जीवाश्म निघालेत, पाणघोडा, आपल्या लातूर भागात! नदी काय काय होती आणि काय काय होऊ शकते ह्याचा अंदाज तीस वर्षांच्या पावसाच्या तक्त्यावरून येत नसतो.

हे छोट्या नदीपुरतं आहे असं वाटू देऊ नका. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये दिलेलं सूत्र. आता सोडलेलं पाणी पैठणला किती पोचतं? वाळू किती कोरडी आहे, वाटेतल्या बंधाऱ्यांचे बर्गे काढलेत का, आणि काठावरच्या मोटारी. म्हणून तर पाणी सोडताना नदीकाठची वीज बंद ठेवावी लागते. कायदा, खडक, स्थापत्य आणि महावितरणचा फ्यूज, सगळं एका आकड्यात. आमची जळालेली डीपी आठवली मला त्या वेळी.

तुम्हाला प्रवाहाचे आकडे लागतील तर मांजरेवर साईगावला केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे, मोठ्या नदीचं चित्र त्यातून मिळेल. तुमच्या ओढ्याचं कुणी मोजलेलं नसणार, ते स्वतः करा. दहा मीटर अंतर आखा, लिंबू सोडा, वेळ धरा, वेगाला ०.८५ नं गुणा कारण वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं, आणि पाण्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळानं, म्हणजे रुंदी गुणिले सरासरी खोली, गुणा. पावसाला तालुक्याची सरासरी अजिबात घेऊ नका, महसूल मंडळाचा आकडा घ्या, आणि जमलं तर शाळेत स्वतःचा मापक बसवा, आपल्याकडं एका शिवारात धो धो आणि पलीकडच्या शिवारात धूळ. सगळ्यांनी एकच एकक ठरवा, घनमीटर म्हणा, नाहीतर एक जण टीएमसी, दुसरा दलघमी, तिसरा हेक्टर-मीटर आणि शेतकरी 'तीन इंची पाइपभर' बोलतो आणि मीटिंग त्यातच संपते.

वही एकच ठेवा, पाच नको. त्यात सगळ्यांनी लिहायचं, मॅडमनी पण आणि मोटरवाल्या शेतकऱ्यानं पण, लाइट कधी आली कधी गेली हा रकाना विसरू नका.

तुमच्या भागात बर्गे बहुतेक पुढच्या पंधरवड्यात टाकतील. पट्टी त्याच्या आधी बसवा, पाणी चढताना पण मोजता येईल. शाळेची पट्टी तिरकी बसली तर आकडे चुकतात, ओळंबा लावून बसवा, आमची पहिली तिरकी बसली होती आणि चार दिवस वाया गेले होते. आणि धुणं धुणाऱ्या आजी कुणी असतील तर पट्टी कुठं लावायची ते आधी त्यांना विचारा.